मुंबईत नवं घर लावताना: आधी वारा, मग ओल, सामान सगळ्यात शेवटी

सोलापूरहून मुंबईला येताना मी टेंपोत कूलर घातला होता. वडिलांचा आग्रह. "मुंबईत उकडतं म्हणतात, असू दे जवळ." भांडुपच्या वन आरकेत, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात, तो खिडकीशी बसवला, पाणी भरलं, चालू केला. अर्ध्या तासात चादर चिकट, उशी चिकट, मी चिकट, आणि उकाडा होता तिथेच. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. सोलापूरच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं, म्हणून तिथे तो चालतो. मुंबईच्या हवेत बाष्प आधीच काठोकाठ भरलेलं असतं, त्यात आणखी पाणी उडणार कुठे? माठाचं दुखणं तेच. इथला माठ पाणी गार करतो, पण गावाकडच्यासारखं दात शिवशिवणारं गार नाही. तो कूलर पुढे दोन वर्षं पोटमाळ्यावर पडून होता, शेवटी भंगारवाल्याने नेला.

सोलापूर, नगर, जालना, अकोला अशा कोरड्या मुलखातून जे मुंबईत येतात, त्यांच्या घर लावायच्या बऱ्याच सवयी इथे उलट्या पडतात. माळवदाच्या घरात दुपारी खिडक्या घट्ट लावायच्या, जाड पडदे सोडायचे, कपाट भिंतीला टेकवून ठेवायचं. इथे यातलं काहीच चालत नाही. (कोकणातून आलेल्यांनी पुढचा निम्मा लेख सोडून दिला तरी चालेल. त्यांना ओल आईच्या पोटातून माहीत असते.) मी ज्या क्रमाने चुका केल्या, त्याच्या बरोबर उलट क्रमाने हे लिहिते आहे.

पहिला महिना: बघा, घेऊ नका

एक गादी, दोन बादल्या, शेगडी, चार भांडी आणि चालणारा पंखा. एवढ्यावर महिना निघतो. घर रिकामं आहे तोवरच ते नीट दिसतं.

ताबा मिळाला त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा, छताच्या कोपऱ्यांचा आणि मोरीच्या फरशीचा फोटो काढा आणि घरमालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना "हा डाग तुमच्यामुळेच पडला" हा विषय निघतोच. करारात भिंतीला ड्रिल मारायची परवानगी लिहून घ्या, तोंडी नको. करार नोंदवलेला असावा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे.

मग टेप घ्या. एजंटने सांगितलेले चौरस फूट विसरा आणि स्वतः मोजा. खोलीची लांबी-रुंदी तर हवीच, पण लोक विसरतात ती मापं वेगळी आहेत: दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाची रुंदी, लिफ्टच्या आतली उंची आणि कपाटासाठी धरलेल्या भिंतीच्या मधून जाणारा तो बीम. गिरगावातल्या एका चाळीत माझ्या मैत्रिणीचा सोफा जिन्यात अडकला. शेवटी चार माणसांनी दोर बांधून गॅलरीतून वर घेतला. अख्खी चाळ बघायला. घर सोडताना तो तसाच उतरवायला लागला, तेव्हा मात्र बघायला कोणी आलं नाही.

या महिन्यात एक वही करा आणि एवढं टिपून ठेवा. ऊन कोणत्या खिडकीतून, किती वाजता येतं. वारा कुठून येतो. पाणी किती वाजता येतं आणि कधी जातं. कोणती भिंत हाताला गार लागते. वरच्या मजल्याची मोरी तुमच्या कशावर येते. वॉचमनशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. पंप कधी लागतो, टाकी कधी धुतात, मागच्या पावसात कोणाच्या घरात पाणी आलं, हे इमारतीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. सेक्रेटरींनाही नाही.

वारा

मुंबईत सुख म्हणजे अंगावरचा घाम वाळणं. खोली गार असणं ही नंतरची गोष्ट. घाम वाळायला हवा हलती लागते, म्हणून पहिला खर्च इथे.

समुद्र पश्चिमेला आहे. दिवसा जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. रात्री-पहाटे तो उलटा, जमिनीकडून, आणि बराच मंद. म्हणजे गावाकडे ज्या वेळी आपण खिडक्या लावून घेतो, त्याच वेळी इथे पश्चिमेची खिडकी उघडी हवी. मला ही सवय मोडायला एक अख्खा उन्हाळा लागला. आई आली की अजून दुपारी बारा वाजता खिडक्या लावत फिरते आणि मी तिच्यामागून उघडत.

पण खिडकी उघडली म्हणजे वारा येईलच असं नाही. त्याला बाहेर पडायला वाट लागते. वन आरकेला बहुतेक वेळा एकाच बाजूला खिडकी असते, आणि समोर दार. ते दार बंद, म्हणजे वारा खिडकीतच थबकतो. म्हणून मुंबईकरांच्या घराला दोन दारं असतात: आत लाकडी, बाहेर जाळीचं. त्याला सगळे सेफ्टी डोअर म्हणतात आणि ते चोरांसाठी आहे असं समजतात. खरा उपयोग वाऱ्याचा. नसेल तर घरमालकांशी बोलून बसवून घ्या, अर्धा खर्च उचलायची तयारी दाखवली की बरेचदा होकार येतो.

अगरबत्ती लावून खोलीच्या मधोमध उभ्या राहा. धूर कुठे वळतो बघा. मग दार उघडून परत बघा. धूर जिथून बाहेर पडतो ती वाट मोकळी ठेवायची. त्या वाटेवर कपाट, फ्रीज, कपड्यांची दांडी, काही नाही. फर्निचरचा नकाशा या धुरावरून ठरतो. टीव्ही कुठे यावा यावरून नाही.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा हवाच. फोडणी, भाताची वाफ, चहा यातून घरात किती बाष्प सुटतं ते कुकरच्या शिट्टीकडे बघून कळेल. मोरीतही लहान एक्झॉस्ट लावला तर टॉवेल वाळतात. तो आंघोळीनंतर अर्धा तास चालू राहू द्या.

छताचा पंखा १,२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची घ्या. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटरचा साधारण ३०. मुंबईत पंखा रोज १६ तास तरी फिरतो. हिशेब केला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस-बावीस युनिट वाचतात. भाड्याच्या घरात स्वतःचा पंखा लावायचा असेल तर घरमालकांचा जुना काढून माळ्यावर ठेवा, जाताना परत लावून द्या. आणि पंखा संथ झाला म्हणून लगेच नवा घेऊ नका. बऱ्याचदा आतला कंडेन्सर गेलेला असतो. नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बदलून देतो, तोही अगदी थोड्या पैशांत.

एसी घ्यायचाच असेल तर शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. तो २६ वर ठेवा आणि पंखा हळू चालू ठेवा, मुंबईच्या हवेला तेवढं पुरतं. पावसाळ्यात 'ड्राय'चं बटण वापरा. जुलैत त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा असतो, आणि हे बटण नेमका तोच कमी करतं. बाहेरचा भाग कुठे टांगायचा हे सोसायटीला आधी विचारा. त्याच्या पाण्याची नळी खालच्यांच्या पत्र्यावर टपटपत राहिली की भांडण ठरलेलं.

पडदे पातळ सुती. मंगळदास मार्केटमध्ये कापड वारावर मिळतं, शिवायला गल्लीतला टेलर. रविवारी तिथे जाऊ नका, बंद असतं. पश्चिमेचं ऊन फारच येत असेल तर जाड पडदा आतून लावण्यापेक्षा खिडकीबाहेर, ग्रिलच्या आत, बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चीक, सोडा. ऊन काचेच्या बाहेरच अडतं आणि वारा येत राहतो.

ओल

इथे घाई करणारे पैसे वाया घालवतात. मीही घातले. भिंतीवर डाग दिसला, रंगारी बोलावला, डाग झाकला. पुढच्या जूनमध्ये पापुद्रे सुटले आणि खाली पिठासारखी पांढरी भुकटी. रंगाचा दोष नव्हता. पाणी कुठून येतंय हेच मी बघितलं नव्हतं.

ओल तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते, ती बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या कडेतून आलेली. पावसाळ्यातले वारे नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला सगळ्यात जास्त मार. दुसरी, पाऊस असो नसो, बारा महिने तशीच राहणारी. ती वरच्यांच्या मोरीची किंवा भिंतीतल्या पाइपाची. तिसरी भिंतीतून येतच नाही. ती खोलीतल्याच हवेची ओल असते आणि कपाटामागे, पलंगामागे, जिथे हवा खेळत नाही तिथे काळ्या बुरशीच्या रूपाने बसते.

फरक कळत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला साठलं तर भिंतीतून येतंय. बाहेरच्या, तुमच्या बाजूला दव धरलं तर खोलीतली हवा दमट आहे. या दुसऱ्या प्रकाराला वॉटरप्रूफिंगवाला बोलावू नका. खिडकी उघडा आणि कपाट पुढे ओढा.

बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम. सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींमध्ये, ते तसं दिलेलं आहे. मोरी-संडासातून होणारी घरातली गळती ज्याच्या घरातून होते त्याची. भाडेकरूने मात्र सोसायटीत जाऊन भांडू नये, घरमालकांकडून लेखी अर्ज जाऊ द्यावा. वरच्या घरी बोलायला स्वतः जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. "काकू, जरा आमच्या घरी येऊन छत बघता का?" एवढं म्हणायचं आणि चहा ठेवायचा. स्वतःच्या डोळ्यांनी छत बघितलेला माणूस प्लंबर लवकर बोलावतो.

खिडकीच्या कडांना सिलिकॉन मारायचं तर मे महिन्यात, कोरड्या भिंतीवर. रंगकाम ऑक्टोबर ते मार्च. जुलैत "आम्ही पावसातही करतो" म्हणणारा भेटतोच. त्याला नमस्कार करावा.

आता सामान. भिंत आणि कपाट यात चार बोटं जागा सोडा, पश्चिमेच्या भिंतीला तर नक्कीच. कपाट पायांवर उभं हवं. माझं पहिलं कपाट भुशाच्या दाबलेल्या फळीचं होतं, दिसायला झकास, एका मोठ्या दुकानातून घेतलेलं. ऑगस्टपर्यंत खालची फळी पावासारखी फुगली आणि दार लागेना. तेव्हापासून घरात दोनच प्रकार: लोखंडी गोदरेजी कपाट किंवा प्लायवूड. प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का बघा, तो पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. ओट्याखाली आणि मोरीजवळ तोच लागतो. कोरड्या भिंतीला आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारा प्लाय, चालतो. समुद्राच्या हवेने लोखंड गंजतं, म्हणून बिजागऱ्या, स्क्रू, दांड्या स्टेनलेस स्टीलच्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवा. ओलावा ओढून घेणाऱ्या पांढऱ्या खड्यांचे डबेही मिळतात. पावसाळ्यात महिनाभरात त्यात ग्लासभर पाणी साठतं, म्हणजे ते कपड्यांत जायचं वाचलं. ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. चामड्याच्या चपला-पट्टे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायची गावाकडची पद्धत सोडा, ऑगस्टमध्ये त्यांना हिरवी लव येते. ते उघड्यावर, वाऱ्याच्या वाटेत ठेवा. सर्टिफिकेटं आणि कागद झिपच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात. रवा-पोहे-डाळ पावसाळ्यात किलो-दोन किलोच आणा. महिन्याभराचं भरण्यात काही शहाणपण नाही, कोपऱ्यावर वाणी आहे.

आणि पावसात दार फुगलं, घासायला लागलं, तर रंधा मारू नका. मेणबत्ती घ्या, जिथे घासतं त्या कडेवर चांगली चोळा. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, हवा कोरडी झाली की परत बसतं. जुलैत रंधा मारलेल्या दाराला जानेवारीत बोट जाईल एवढी फट पडते.

कपडे

सोलापुरी चादर सोलापुरात तासाभरात वाळते. तीच चादर मुंबईत जुलैत तिसऱ्या दिवशीही आंबूस वास मारते. त्यामुळे इथे जाड चादरी, जाड टॉवेल, गोधड्या कमी करा. पंचा सगळ्यात बरा. वाळत घालायला छताला टांगायच्या दांड्या लावून घ्या, दोरीने खाली-वर होणाऱ्या, पंख्याखाली येतील अशा. चाळीत हेच काम काठीने करतात आणि काय कौशल्याने करतात! ओले कपडे रात्री पंख्याखाली, सकाळी खिडकीशी, आणि शेवटची जराशी ओल इस्त्रीने. इस्त्रीवाल्याकडे देताना मात्र कपडे कोरडेच द्या, दमट दिले तर तो गठ्ठा बांधून ठेवतो आणि वास कायमचा बसतो.

पाणी आणि मोरी

मुंबईला सात तलाव पाणी देतात, पण इमारतीत नळाला ते ठरलेल्या वेळेलाच येतं. बाकी वेळ गच्चीवरच्या टाकीचं. मे-जूनमध्ये तलाव आटले की कपात लागते. घरात एक झाकणाचं पिंप असावं, दोन माणसांना पन्नास लिटरचं पुरतं. झाकण घट्ट हवं आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. कुंडीखालच्या बशा, फ्रीजच्या मागचा ट्रे, ग्रिलवर टाकलेली ताडपत्री हेही बघा. महापालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा नेमकं ताडपत्रीच्या खोलगटातच त्यांना सापडतं.

मोरीत फरशीला जी जाळी असते, तिच्याखाली वळणदार भांडं असतं. प्लंबर त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात, शब्द न्हाणीवरूनच आला आहे. त्यात नेहमी थोडं पाणी उभं असतं आणि ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला गेलात की ते वाळून जातं. परत आल्यावर घरभर घाण वास आणि मोरीत झुरळांची सभा. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर जाड प्लास्टिक ठेवून वीट ठेवा. एवढं सोपं आहे, पण मला तीन वर्षं कोणी सांगितलं नाही.

वीज आणि उजेड

गिझर आणि एसी यांना १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि आरसीसीबी नावाचं, शॉक बसताच वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं स्विच मुख्य पेटीत आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. ओल्या भिंतींच्या शहरात हे जीव वाचवणारं स्विच आहे. जुन्या इमारतीत अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर लावू नका.

उजेडाचं म्हणाल तर छताला एकच पांढरीफटक ट्यूब ठेवून खोली दवाखाना करू नका. ओट्यावर पांढरा उजेड हवा, भाजी नीट दिसते. बसायच्या कोपऱ्यात ३,००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावा. लोहार चाळीत सगळं मिळतं, भाव करावा लागतो.

आता सामान

जमीन जितकी उघडी तितकं घर मोठं वाटतं आणि तितकं लवकर पुसून होतं. पावसाळ्यात रोज पुसावं लागतं, म्हणून हे महत्त्वाचं. तेव्हा जे वर जाऊ शकतं ते वर. दाराच्या वर फळी, ओट्याच्या वर फडताळ, मोरीच्या वर पोटमाळा. माळ्यावर हलकं आणि वर्षातून एकदा लागणारं सामान: गणपतीची मखर, दिवाळीचा कंदील, बॅगा. धान्याचे डबे माळ्यावर ठेवणारी घरं मी बघितली आहेत, रोज स्टुलावर चढतात.

खाली खोका असलेल्या, गादी उचलून उघडायच्या पलंगाविषयी माझं मत वाईट आहे. दुकानात तो सगळ्यांना आवडतो. पण त्याच्या पोटात हवा जात नाही, आणि तिथे ठेवलेल्या रजया, लग्नातल्या साड्या दोन पावसाळ्यांत कुबट होतात. साधी लोखंडी खाट घ्या, खाली दोन पेट्या सरकवा, आठवड्याला ओढून मागे पुसा. घ्यायचाच असेल तो पलंग, तर त्यात भांडी आणि स्टीलचं सामान ठेवा, कापड नको.

जेवायला भिंतीला बिजागरीने लावलेलं, उघडमीट होणारं टेबल. पाहुणे आले की सतरंजी. ओशिवऱ्याला रिलीफ रोडवर जुन्या-नव्या फर्निचरची रांग आहे, तिथे लाकडी खुर्च्या आणि टेबलं चांगली मिळतात. जुनं लाकूड घेताना सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत टॉर्च मारून बघा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण, बारीक भुसा म्हणजे कीड. जुनी गादी कितीही स्वस्त मिळाली तरी आणू नका. ढेकूण एकदा आले की तुमचं घर, शेजारचं घर, आणि संशयाची नजर कायम तुमच्यावर.

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या ओट्यामागे ठेवतात, लहान मूल असेल तर मात्र त्या ठेवू नका. कबुतरांना खिडकीच्या ग्रिलवर घर करू देऊ नका, त्यांच्या विष्ठेने दम्यासारखे आजार होतात. नायलॉनची जाळी लावणारे येऊन लावून जातात. आणि ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायच्या तर तारेने बांधून, आतल्या बाजूला. खाली माणसं चालतात.

आवाजावर फारसा इलाज नाही. रुळालगत घर असेल तर त्या खिडकीला रबराची पट्टी आणि तेवढाच एक जाड पडदा लावा. महिन्याभरात पहाटेची लोकल ऐकू येईनाशी होते. गावाकडच्या शांततेत मग झोप लागत नाही, ते वेगळं.

मे ते ऑक्टोबर

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो. त्यावर फार विसंबू नका, २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात ही कामं: खिडकीवरची शेड तपासणं, सिलिकॉन, ग्रिलला रंग, गॅलरीच्या पाण्याच्या वाटेतला कचरा काढणं, गाद्या-उशा गच्चीवर उन्हात, मसाला आणि पापडाचे डबे नीट बंद. तिखट-हळद लालबागला दळून आणायची तर तीही मेमध्येच. पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच रात्री टॉर्च घेऊन प्रत्येक खिडकीच्या खालच्या कडेवरून हात फिरवा. कुठे ओलं लागलं ते वहीत लिहा. सकाळी वाळून गेलेलं असतं आणि मग कितीही आठवलं तरी सापडत नाही.

ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की एक रविवार काढून सगळी कपाटं रिकामी करायची. दारं दिवसभर उघडी, कपडे आणि पुस्तकं खिडकीत, माळ्यावरचं सगळं खाली. मागच्या ऑक्टोबरला मी सुताराला त्याच रविवारी बोलावून ठेवलं होतं, फुगलेलं मोरीचं दार घासून घ्यायला. तो आला, दार दोनदा उघडून-लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे तर मऊ लागतंय की." चहा पिऊन गेला.